चौकी नंबर सात विरुद्ध दूर का सूरज

नागपूर
९ जुलै २००६

प्रिय आत्या,
जयभीम.

सुखरूप पोचले. हॉस्टेलची खोली मागच्या वर्षीचीच मिळाली, न लागणाऱ्या खिडकीसकट. इंजिनीअरिंगचं शेवटचं वर्ष सुरू झालं.

आल्यावर दोन वेळा समोरच्या तुळजाताईच्या मोबाईलवर फोन केला. दोन्ही वेळा तिचं उत्तर एकच, "आत्या कामात हाय, पत्र टाक म्हनते." आपल्या धामणकर नाक्यावर पानटपरीवाल्याच्या खिशातही मोबाईल आहे आणि माझी आत्या पोस्टाच्या पेटीवर अडून बसली आहे. बरं बाई, तू जिंकलीस. हे घे पत्र.

आता मुद्द्याचं. सुट्टीतलं आपलं भांडण अर्धवट राहिलंय. तुझी लाडकी हिंदी मालिका 'चौकी नंबर सात' आज सकाळी इथे मेसमधल्या टीव्हीवर पाहिली. पुठ्ठ्याची अंतराळचौकी, कप्तान रुक्मा, तो वेंधळा मेकॅनिक बन्सी आणि नवीन भरती झालेली संजू. आज चौकीतला प्राणवायू संपत आला आणि अर्ध्या तासात सगळं ठीकठाक. मागच्या रविवारी बन्सीचा हात मोडला होता, आज तो त्याच हाताने पाना फिरवत होता! आत्या, ज्या गोष्टीत काहीच मागे उरत नाही तिची काळजी तरी कशाला करायची?

याउलट 'दूर का सूरज' बघ. परदेशी असली तरी हिंदीत डब केलेली आहे, त्यामुळे भाषेची अडचण नाही. त्यांचा सूर्य विझला, आता एकच जहाज नवं घर शोधत फिरतंय, आणि जहाजात कुणीतरी फितूर आहे. कर्नल मार्टाला पहिल्या भागात झालेली जखम अजून दुखते. याला म्हणतात गोष्ट. मे महिन्यात मी शनिवारी संध्याकाळी लावली की तू उठून भाजी निवडायला जायचीस. कारण सांग. नुसतं "मला नाही आवडत" चालणार नाही.

तुझी,
दिना

भिवंडी
२० जुलै २००६

चि. धम्मदिनास,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

पत्र मिळाले. खिडकीला दोरी बांध, वॉर्डनच्या भरवशावर बसू नकोस.

मी सातवी शिकलेली बाई, आणि तू मला परीक्षेतल्यासारखं "कारण सांग" म्हणतेस. घे कारण. मी कारखान्यात दिवसभर धाग्याच्या कांड्या भरते. एक कांडी भरली की काढायची, दुसरी लावायची. भरलेली कांडी हातात आली की जिवाला बरं वाटतं. माझी चौकी तशी आहे. रविवारी सुरू, रविवारी पूर्ण, मी माझ्या कामाला मोकळी. तुझा सूरज म्हणजे लूमवरून कधी न उतरणारा कापडाचा ताका. तीन वर्षं झाली, फितूर कोण ते त्यांना अजून सापडत नाही. आमच्या मास्टरकडे द्या, चहा गार व्हायच्या आत शोधून देईल.

बन्सीच्या हाताचं म्हणशील तर आमच्या गुणाबाईचं बोट पट्ट्यात सापडलं होतं. दुसऱ्या आठवड्यात कामावर हजर. कुणी तिला "बोट कसं आहे" विचारलं नाही. माणसं अशीच परत कामाला लागतात गं. त्यात खोटं काय?

आमची सुट्टी शुक्रवारची, आणि चौकी रविवारी सकाळी. म्हणून मी रविवारची शिफ्ट दुपारची करून घेतली आहे. मास्टरला सांगितलंय की सकाळी विहारात वंदनेला जाते. वंदनेला मी संध्याकाळी जाते, त्यामुळे अगदीच खोटं नाही.

आणि तुझ्या सूरजमधल्या माणसांच्या तोंडावर माझा विश्वास बसत नाही. झालं समाधान?

तुझी,
आत्या

नागपूर
६ ऑगस्ट २००६

प्रिय आत्या,
जयभीम.

तोंडावर विश्वास बसत नाही म्हणजे काय? गोरी आहेत म्हणून? तू असला भेदभाव करशील असं वाटलं नव्हतं! दादा असते तर त्यांनी आपल्या बहिणीला चांगलं भाषण दिलं असतं.

माझी मोठी तक्रार ऐक. चौकीत यान फुटलं की "धडाम" असा आवाज येतो. उल्का जवळून गेली की "सूंऽऽऽ". आत्या, अंतराळात हवा नसते. हवा नाही तर आवाज नाही. तिथे डोंगर फुटला तरी कानाला काही कळणार नाही. सूरजवाले ते पाळतात. त्यांच्या जहाजाचा अख्खा भाग फुटतो तेव्हा पडद्यावर पूर्ण शांतता असते, आणि त्या शांततेने काळजाचं पाणी होतं. आमच्या मेसमध्ये तेव्हा कुणी चमचासुद्धा हलवत नाही. तुझ्या चौकीत मात्र दर दहा मिनिटांनी दिवाळीचे फटाके. इतकी वर्षं बघतेस, तुला एकदाही खटकलं नाही?

हॉस्टेलमध्ये आता सरळ दोन पक्ष पडलेत. मी सूरज पक्षाची म्होरकी आहे. चौकी पक्षाची म्होरकी गडचिरोलीची ऋतिका, तिला तुझी कांडी आणि ताक्याची उपमा वाचून दाखवली. ती म्हणाली, "तुझ्या आत्याला आमच्या पक्षाचं अध्यक्ष करतो."

तुझी,
दिना

भिवंडी
१९ ऑगस्ट २००६

चि. धम्मदिनास,
आशीर्वाद व जयभीम.

अध्यक्षपद स्वीकारलं. ऋतिकाला माझा जयभीम सांग.

धडामचं म्हणशील तर मला तसलं काही कधी जाणवलं नाही. मी माणसांकडे बघते, फटाक्यांकडे नाही. रंगावरून बोलले नाही गं मी. त्या लोकांचं तोंड एक म्हणतं आणि गोष्ट दुसरीच चाललेली असते, एवढंच म्हणायचं होतं. जाऊ दे, नाही जमत मला सांगायला.

पण गेल्या रविवारचा भाग पाहिलास ना? तो यंत्रमानवाचा? मला तर रडू आलं. तो पत्र्याच्या तोंडाचा बिचारा शेवटपर्यंत एक शब्द बोलत नाही. सगळे त्याच्यावर ओरडतात, रुक्मासुद्धा, आणि हा मुका उभा. शेवटी चौकी वाचवायला स्वतःची बॅटरी काढून देतो, तेव्हाही गप्प. न बोलता एवढं सगळं सांगणं तुझ्या सूरजवाल्यांना तीन वर्षांत जमलं का? लिहिणाऱ्याला माझा सलाम. दुपारी कारखान्यात गुणाबाईला सगळी गोष्ट सांगितली, तीसुद्धा डोळे पुसायला लागली.

शेजारच्या ठमाबाईने आपल्या दारातल्या मोगऱ्याला हात लावायचा नाही असं मी बजावलं आहे. तू आलीस की तुला फुलं.

तुझी,
आत्या

नागपूर
३ सप्टेंबर २००६

प्रिय आत्या,
जयभीम.

अगं, कुठला भाग पाहिलास तू? यंत्रमानव मुका? तो पूर्ण अर्धा तास बडबडत होता! इतका बोलत होता की बन्सी त्याला "अबे चुप" म्हणून ओरडतो. बॅटरी काढतानासुद्धा दोन मिनिटांचं भाषण ठोकतो, मातृभूमी वगैरे. आम्ही सूरज पक्षवाल्या हसून हसून पडलो. तुझं पत्र ऋतिकाला दाखवलं तर ती म्हणाली, "आत्यांनी पाहिलेला भाग खऱ्या भागापेक्षा शंभर पटीने चांगला आहे." खरं सांग, डुलकी लागली होती ना?

आता गंभीर गोष्ट. कॉलेजात बंगळूरची एक कंपनी आली होती. उपग्रहाकडून येणारे संदेश पकडणारी यंत्रं बनवतात. मी मुलाखत दिली आहे. बंगळूर म्हणजे नागपूरपेक्षाही वेगळं जग, आणि तू तिथे एकटी. आई मला आठवतसुद्धा नाही, दादा गेल्यावर तूच सगळं केलंस. त्यामुळे माझं ठरलंय, तुझ्या तोंडून "जा" ऐकल्याशिवाय मी कुणालाही हो म्हणणार नाही. पत्रात नाही, तोंडून. पुढच्या रविवारी निकाल आहे. त्या दिवशी चौकी संपल्यावर तुळजाताईकडे फोन करते. कितीही काम असलं तरी या वेळी फोन घे.

तुझी,
दिना

भिवंडी
१६ सप्टेंबर २००६

चि. धम्मदिनास,
आशीर्वाद व जयभीम.

फोन आला, फार बरं वाटलं. तब्येत सांभाळ. रात्री जागू नकोस.

यंत्रमानवाचं काय झालं, तर मध्येच लाईट गेली. इकडे लोडशेडिंगचा नुसता खेळ चालला आहे. लूमही बंद पडतात आणि माणसं गल्लीत गप्पा मारत बसतात. मी राहिलेली गोष्ट मनानेच पूर्ण केली असणार. ऋतिकाला माझी आवडली ना, मग झालं.

मुलाखतीचं काय झालं ते लिही. आणि तुझ्या अंगावरचा तो निळा ड्रेस विटला असेल, ठमाबाईच्या सुनेकडून एक शिवून घेते, माप पाठव.

तुझी,
आत्या

नागपूर
८ ऑक्टोबर २००६

आत्या,
जयभीम.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर केला, मुद्दामच. मला राग आला होता.

"मुलाखतीचं काय झालं ते लिही." आत्या, मी फोनवर सांगितलं ना! निवड झाली म्हणून सांगितलं, जुलैत रुजू व्हायचंय म्हणून सांगितलं, मग विचारलं, "जाऊ का?" तू म्हणालीस, "बरं बरं." मी पुन्हा विचारलं, "आत्या, नीट सांग, जाऊ की नको?" तू म्हणालीस, "हो हो, जेवलीस का?" आणि तुळजाताईला फोन देऊन टाकलास. वर पत्रात असं लिहितेस जसं काही झालंच नाही. तुला नको आहे तर नको म्हण. मी हट्ट करणार नाही. महिनाअखेर कंपनीला कळवायचं आहे, नकार कळवून टाकीन. इकडून तिकडून भिवंडीतच काहीतरी बघेन, मानकोलीच्या गोदामांत हल्ली कॉम्प्युटरवाल्या मुली घेतात.

एवढंच लिहून थांबणार होते, पण आज तुझी चौकी संपली आणि तुझ्याशिवाय कुणाशी बोलू? शेवटचा भाग पाहिलास ना? आत्या, मी हरले. चौकी फुटायला आली, एकच छोटं यान शिल्लक, एकच जागा. रुक्मा संजूला त्यात बसवते आणि स्वतः मागे राहते. काचेचं दार लागतं. आणि पहिल्यांदाच, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, त्यांनी आवाज काढून टाकला. ना धडाम, ना संगीत. काचेपलीकडून रुक्मा काहीतरी बोलते, तिचे ओठ हलतात, आणि आपल्याला काही ऐकू येत नाही. संजू मान खाली घालून वाकते. यान सुटतं. संपलं.

ती काय म्हणाली, यावरून हॉस्टेल पेटलंय. ऋतिका म्हणते, "लौट आना." कुणी म्हणतं, "माफ करना." वर्तमानपत्रात वाचकांची पत्रं येतीलच. मला वाटतं ती "भूल जाना" म्हणाली असेल. तुला काय वाटतं?

दिना

भिवंडी
१३ ऑक्टोबर २००६

चि. धम्मदिनास,
आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझी निवड झाली! मी ही बातमी पहिल्यांदा वाचते आहे असं समज. तुळजाच्या फोनला खरखर फार, मला नीट उमजलं नाही आणि मी आपलं बरं बरं म्हणत राहिले. नकार कळवशील तर याद राख. जा. शंभर वेळा जा. काल सगळ्या कारखान्याला पेढे वाटले. मास्टर म्हणाला, "द्रौपदीबाई, लडकी तो सीधे आसमान में जा रही है." मी म्हटलं, "सध्या तरी बंगळूरला."

रुक्माचं विचारलंस. त्यात वाटायचं काय आहे? तुम्ही एवढ्या शिकलेल्या मुली आणि भांडता कशाला? ती म्हणाली, "सीट के नीचे डिब्बा है. पहले खा लेना." मग संजू वाकून डबा शोधते. रडत नव्हती ती. मला तर शेवट फार आवडला. दुसरं कुणी असतं तर देश, धरती, बलिदान असं काहीबाही बोललं असतं. आपली रुक्मा बरोबर बोलली.

चौकी संपली याचं वाईट वाटतंय. आता रविवारी सकाळी मला खरंच विहारात जावं लागेल.

तुझी,
आत्या

नागपूर
१९ ऑक्टोबर २००६

प्रिय आत्या,

काल शेवटचा भाग पुन्हा दाखवला. तुझं पत्र मांडीवर ठेवून पाहिला. रुक्माचे ओठ तुझ्या वाक्यात शब्द न् शब्द बसतात. "डिब्बा" म्हणताना दोन्ही ओठ कसे मिटतात तेही दिसलं. संजू वाकते तेव्हा एक क्षण तिच्या हाताशी स्टीलचा डबा चमकतो. आम्ही पन्नास मुलींनी तो पाहिला नव्हता. ऋतिका तर रडायलाच लागली, तुझ्या नावाने मेसमध्ये टाळ्या झाल्या.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी टीव्हीचा आवाज बंद केला. नंतर सूरजचा जुना भाग लागला, तोही आवाजाशिवाय पाहिला. ती माणसं बोलतात इंग्रजीत, आपल्याला ऐकू येतं हिंदी. आवाज काढून टाकला की त्यांच्या तोंडावरून काहीही कळत नाही. तोंड एक म्हणतं आणि गोष्ट दुसरीच. तू हेच लिहिलं होतंस आणि मी तुला भेदभाव शिकवत होते. यंत्रमानवाच्या पत्र्याच्या तोंडाला ओठच नव्हते, म्हणून तुझ्यासाठी तो मुका. धडाम तुला कधी खटकलं नाही, कारण ते तुझ्यापर्यंत पोचलंच नाही. आणि फोनला खरखर नव्हती.

आत्या, तुला ऐकू येत नाही. किती दिवसांपासून?

लहानपणी मी कविता पाठ म्हणून दाखवायचे तेव्हा तू माझ्या तोंडाकडे टक लावून बघायचीस. मला वाटायचं, जगात कुणाचीच आत्या इतकं मन लावून ऐकत नसेल. मला अजूनही तसंच वाटतं. पण मी तुझ्यावर महिनाभर रुसून होते याची मला इतकी लाज वाटते की काय लिहू.

मी बंगळूरला नकार कळवते आहे. दिवाळीची सुट्टी आम्हाला यंदा महिनाअखेर आहे, तेव्हा येतेय, परीक्षेनंतर कायमची येईन. तुला मागून येणारी रिक्षासुद्धा ऐकू येत नसेल. मी तुला एकटं सोडणार नाही.

तुझी,
दिना

भिवंडी
२४ ऑक्टोबर २००६

चि. दिनास,
जयभीम.

पकडलंस. त्या रुक्माने मला पकडून दिलं.

लपवलं ते का, हे आता तुला कळलंच असेल. तुझं शेवटचं पत्र हेच त्याचं कारण. तू बारावीला होतीस तेव्हा जायला लागलं. आधी चिमण्या गेल्या, मग कुकरची शिट्टी, मग तुळजाच्या घरातलं भांडण, तेवढा एक फायदा झाला. मग हळूहळू तू. त्या वेळी सांगितलं असतं तर तू नागपूरला गेली असतीस का? खरं बोल.

आणि मला काही फार अवघड गेलं नाही. लूमजवळ गळा फाडून ओरडलं तरी शेजारचीला ऐकू जात नाही. आम्ही बायका पहिल्या दिवसापासून ओठांनी बोलतो आणि बोटांनी उरलेलं सांगतो. गुणाबाई पार भिंतीकडून मला तिच्या सुनेच्या तक्रारी सांगते, मास्टर मध्ये उभा असतो, त्याला पत्ता नसतो. यूपीवाल्यांकडून हिंदीही तशीच शिकले. माझे कान कारखान्याने घेतले, पण डोळ्यांत भाषा घातली तीही कारखान्यानेच. घरी टीव्हीचा आवाज मी बंदच ठेवते. ठमाबाई म्हणते, "द्रौपदे, तुझा टीव्ही मुका हाय का गं?" मी म्हणते, "न्हाय, तूच जास्त बोलतेस."

एक गोष्ट आज उघडच लिहिते. फोनवर मी बहिरी होते, पत्रात नव्हते. पत्रात तू भांडायचीस, चिडवायचीस, मी उलट बोलायचे, एकही शब्द हुकायचा नाही. पोस्टमन रामनाथ दारात दिसला की मला वाटायचं, आली माझी पोर बोलायला. आणि चौकी बघताना कुणी मला "ऐकू येत नाही का" म्हणून विचारत नव्हतं. तुझे आणि त्या पुठ्ठ्याच्या चौकीचे माझ्यावर फार उपकार आहेत दिना. तू हरलीस म्हणालीस, पण एवढी वर्षं भांडत राहिलीस म्हणून मी बोलती राहिले.

आता हुकूम ऐक. मी बहिरी झाले आहे, पांगळी नाही. रिक्षावाले मला ओळखतात, आणि ठमाबाई बाजाराला जाताना माझा हात धरते. म्हणशील तर ठाण्याच्या कानाच्या डॉक्टरकडे मी येईन. पण आधी कंपनीला होकार कळव, मग घरी ये. होकार न कळवता आलीस तर मी दार उघडणार नाही. वाजवलंस तरी ऐकू येणार नाही.

तुझी,
आत्या

भिवंडी
३ डिसेंबर २००६

चि. दिनास,
आशीर्वाद व जयभीम.

तू दिवाळीच्या सुट्टीत डॉक्टरकडे नेऊन माप देऊन गेलीस ते कानातलं यंत्र आलं. डॉक्टर म्हणाले होते तसंच आहे, सगळं परत येणार नाही, थोडं येईल. थोडंच पुरे! भिवंडी एवढी बोंबलते हे मी विसरूनच गेले होते. नाक्यावरचे हॉर्न, टेम्पोवाल्यांच्या शिव्या, ठमाबाईचं नाक शिंकरणं. कारखान्यात जाताना मी यंत्र काढून डबीत ठेवते. ओठांनी बोलणंच बरं.

चौकी पहिल्यापासून पुन्हा दाखवतात. ऐकून बघितली. दिना, तुझं खरं होतं. फारच वाईट धडाम आहे. आणि बन्सीचा आवाज असा किरटा असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी त्याला चांगला भरदार आवाज दिला होता. आता मी पुन्हा यंत्र काढूनच बघते.

शनिवारी आधी सूरजचा मागचा भाग पुन्हा दाखवतात, तेव्हा तू त्यातली बोलणी मराठीत लिहून पाठवतेस ती समोर धरून बसते. बरी आहे. कर्नल मार्टा चांगली बाई आहे, हे कबूल करते. फितूर म्हणजे तो डॉक्टर. बोलायच्या आधी दर वेळी तोंड फिरवतो. बघशील तू. तरीपण चौकीची सर नाही.

आता जे लिहायला बसले ते. परवा तुझा फोन आला आणि मी यंत्र लावून घेतला. शब्द निम्मेच कळले. पण आवाज कळला. नागपूरला गेलीस तेव्हा माझ्या कानात तुझा चिरका आवाज राहिला होता, पोरसवदा. परवा फोनमधून भलतंच कुणी बोललं. मी ओळखलंच नाही. मग लक्षात आलं, अगदी दादासारखा आवाज झालाय तुझा. रवींद्रदादा असाच शब्दाच्या शेवटी थोडा खाली यायचा. एका फोनमध्ये तुम्ही दोघं भेटलात मला.

तुझी,
आत्या

बंगळूर
४ जुलै २००७

प्रिय आत्या,
जयभीम.

पोचले. खोली छान आहे, खिडकी लागते. उद्या कामावर पहिला दिवस.

सूरजमधला फितूर डॉक्टरच निघाला हे ऋतिकाने कळवलं. ती म्हणते, आता सूरज पक्षाचं अध्यक्षपदही आत्यांनाच द्या.

परवा मानकोली नाक्यावर मी बसमध्ये चढले. एसी बस, काचा उघडत नाहीत. बाहेर ट्रकांची रांग, हॉर्नचा कल्लोळ, आणि तू गर्दीत उभी. तू कानातलं यंत्र काढलंस आणि डबीत ठेवलंस. मग माझ्याकडे बघून बोललीस, आवाज न काढता, जशी गुणाबाईशी बोलतेस तशी. गेल्या वर्षी मला त्यातलं काही कळलं नसतं. पण यंदाच्या सुट्टीभर तू मला टीव्हीचा आवाज बंद करून शिकवलंस. खोलीच्या त्या टोकाला बसून चहा हवा का, मीठ कमी आहे का, सगळं ओठांनी विचारलंस, आणि चुकले की हसलीस.

मला सगळं कळलं आत्या. एकही शब्द हुकला नाही. मीही काचेतून "थँक्यू" म्हटलं. तू हात झटकलास, म्हणजे तुलाही कळलं.

बस सुटली आणि मी खाली वाकले. शेजारची बाई घाबरून म्हणाली, "रडू नको गं पोरी, पहिल्यांदा जातेयस का?" मी रडत नव्हते. सीटखाली डबा शोधत होते.

जेवले, आत्या.

तुझी,
दिना